बिनचूक डाव

कुवेतच्या राई भागातल्या त्या गॅरेजात रविकांत देवरे पहिल्यांदा गेला तो गाडीचा एसी बंद पडला म्हणून. कुवेतमध्ये ऑगस्टात गाडीचा एसी बंद पडणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच विचारा. फिंतासच्या घरून राईला पोचेस्तोवर माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा सोलायला तयार! झहूर नावाच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय साहेब. दोन तास लागतील." तेही चक्क मराठीत. गडी श्रीवर्धनकडचा निघाला.

रविकांत मूळचा नाशिकचा. पेट्रोकेमिकल कंपनीत बावीस वर्षं इंजिनिअर. कुठला पंप कधी बंद पडेल, कुठला भाग ठेवायचा, कुठला बदलायचा, याचं गणित मांडणं हे त्याचं काम. घरी बायको चारुशीला, मुलगी शिकायला परदेशी. व्यसन म्हणाल तर एकच, आणि तेही असलं की ऐकणाऱ्याला हसू यावं. फोनवर खोट्या नाण्यांनी व्हिडिओ पोकर खेळायचं.

हा खेळ सोपा आहे. मशीन पाच पत्ते देतं. त्यातले हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे, टाकले तेवढे नवे येतात. मग जोडी लागली, एका रंगाचे पाच जमले, तर मशीनवरच्या बक्षिसांच्या तक्त्यात लिहिलंय तेवढं मिळतं. समोर माणूस नाही, थापा नाहीत, डोळ्यांत बघणं नाही. त्यामुळे प्रत्येक डावाला गणिताने एक आणि एकच बरोबर उत्तर असतं. रविकांतला हे फार म्हणजे फारच आवडलं होतं. त्याने महिनाभर खपून चौतीस ओळींचं एक कार्ड तयार केलं. वरून वाचत यायचं, हातातल्या पत्त्यांना जी ओळ पहिली लागू पडेल तेवढे पत्ते धरायचे, बाकीचे टाकायचे. कार्ड छापून, लॅमिनेट करून खिशात. खाली ऐटीत एक ओळ होती: बिनचूक खेळल्यास परतावा साडेनव्व्याण्णव टक्के.

तर गॅरेजात कूलरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हा खेळत होता, आणि मागून आवाज आला, "साहेब, छोटी जोडी आलेली ती का फेकलीत?"

रविकांतने वळून पाहिलं. झहूर हात पुसत उभा होता.

"कारण चार बदाम आहेत. पाचवा बदाम यायची शक्यता जास्त फायद्याची. छोटी जोडी नुसतीच बसून राहते."

"आणि बादशहाची जोडी असती तर?"

"तर जोडी धरायची. गुलामापासून वरच्या जोडीला पैसे मिळतातच."

झहूरने एकदा मान हलवली. त्यानंतरच्या तीन डावांत काय धरायचं ते त्याने आधीच सांगितलं, आणि तिन्ही वेळा बरोबर! रविकांतला असा आनंद झाला म्हणून सांगू. कार्ड केल्यापासून वर्षभरात त्याने ते कितीजणांना दाखवलं होतं. ऑफिसातले जांभया द्यायचे, चारुशीला "हो का, छान" म्हणून भाजी निवडायला लागायची. आणि इथे हा दहावी झालेला मेकॅनिक चौतीस ओळींतली खोच उभ्या उभ्या पकडत होता. त्या दिवशी एसी दुरुस्त झाला आणि निघताना रविकांतने आपलं कार्ड झहूरला देऊन टाकलं.

मग जाणं वाढलं. कधी फिल्टर, कधी गॅस, कधी नुसताच "इकडून चाललो होतो". कूलरसमोर दोन खुर्च्या लागायच्या. झहूर घरच्या गोष्टी सांगायचा. बायको हफिजा गावी, मुलगी मुनिरा पाच वर्षांची. दर दोन वर्षांनी गॅरेजचा मालक घरी जायचं तिकीट द्यायचा, नाहीतर सुट्टी न घेता तिकिटाचे पैसे हातात. मागच्या वेळी घराचं छप्पर करायचं होतं, म्हणून झहूरने पैसे घेतले होते. मुलीला पाहून चार वर्षं झाली होती.

"ती मला फोनमधला अब्बा म्हणते," तो हसत म्हणाला. "शेजारच्या पोरांना सांगते, माझा अब्बा फोनमध्ये राहतो. या वेळी रमजानच्या आधी जायचं म्हणजे जायचंच. रोजे घरी, ईद घरी."

सप्टेंबर संपत आला तेव्हा एक दिवस झहूर खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "साहेब, खऱ्या पैशांची एक साइट मिळाली हाय. इथं उघडत नाय, आडवाटेनं उघडावी लागते."

"अरे, पकडला गेलास तर इकामा जाईल, इथला राहायचा परवानाच. आणि तुमच्यात तर चालतही नाही ना जुगार?"

"जुगार हरामच हाय. पण ह्याच्यात नशीब नाय, हिशोब हाय. तुम्हीच तर म्हणता." मग त्याने कार्डावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे साडेनव्व्याण्णव म्हणजे शंभरात साडेनव्व्याण्णव वेळा आपणच, ना?"

इथे, अगदी इथे, रविकांतने बोलायला हवं होतं. साडेनव्व्याण्णव टक्के वेळ पंप चालू राहिला तर साहेब पाठ थोपटतात, पण इथे त्याचा अर्थ एवढाच की शंभर घातले की सरासरी साडेनव्व्याण्णव परत येतात. अर्धा गळतो. पुन्हा घातले, पुन्हा गळतो. अचूक खेळणाऱ्याचेही जातात, फक्त सावकाश जातात. हे रविकांतला पाठ होतं. म्हणून तर त्याने स्वतः आजवर खरा एक फिल्सही लावला नव्हता! पण हे सगळं सांगितलं असतं तर कार्ड हे नुसतं खेळणं ठरलं असतं, आणि झहूरच्या डोळ्यांतलं ते कौतुक विझलं असतं. शिवाय मनात एक खाज होती, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. आपलं कार्ड खऱ्या मशीनवर कसं चालतं ते त्याला बघायचं होतं. स्वतःची हिंमत नव्हती. दुसऱ्याचा हात आयता मिळत होता.

"बिनचूक खेळायला हवं मात्र," एवढंच तो म्हणाला.

"तुम्ही कुठल्या साइटवर खेळता?"

"आमच्या कंपनीत फार कडक असतं," रविकांत म्हणाला. उत्तर नव्हतंच ते, पण झहूरने ते उत्तर म्हणून घेतलं.

त्यानंतर झहूर रोजच्या खेळाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागला आणि रविकांत संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते तपासायला लागला. चारुशीलाने एकदा विचारलं, "कुणाचे पेपर तपासताय?"

"एकाला शिकवतोय," तो म्हणाला. तोंडावर हसू मावत नव्हतं.

दुसऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये त्याला दिसलं की या साइटचा तक्ताच वेगळा आहे. तीन सारखे पत्ते आणि एक जोडी असा फुल हाउस लागला तर नऊपट मिळायला हवेत, तिथे सहाच. पाच एका रंगाचे आले तरीही कमी. म्हणजे कार्डावरचे साडेनव्व्याण्णव इथे लागूच नव्हते. इथे शंभरातले पाच गळत होते. रविकांत जरा चुळबुळला. उद्या सांगू म्हणाला. पण त्या आठवड्यात झहूर नेमका जिंकत होता, गॅरेजात गेलं की "उस्ताद आले!" म्हणून सगळ्यांना चहा पाजत होता. अशा माणसाला काय सांगायचं? ते 'उद्या' काही उजाडलं नाही.

डिसेंबरात झहूरचा चेहरा उतरला. एका शुक्रवारी तो स्वतः फिंतासला आला. रविकांत खाली पार्किंगमध्ये भेटायला उतरला, तर हा समोर उभा, शाळेत मार खायला आलेल्या पोरासारखा.

"साहेब, माझं कुठं तरी चुकतंय. तुमचं कार्ड बरोबरच हाय, मीच कच्चा हाय. जेवढं आलं होतं ते गेलं, वर माझं गेलं. तुम्ही तपासता ना? कुठं चुकतो ते सांगा."

रविकांतने आदल्याच संध्याकाळी तपासलं होतं. चारशे बारा डाव. एकही चूक नाही. एकही! स्वतः रविकांतच्या हातून एवढ्यात तीन-चार तरी झाल्या असत्या. आणि हे सांगायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात पुढचा प्रश्न त्याला ऐकू आला: मग पैसे का गेले? त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की ते सगळं, दोन महिन्यांचं गिळलेलं, बाहेर पडणार होतं.

"चुका आहेत," तो म्हणाला. "दोन-तीन."

"कुठं?"

आता चूक दाखवायला तर हवी. रविकांतने रेकॉर्डिंग पुढे-मागे केलं आणि जो डाव सापडला तो दाखवला. बादशहाची जोडी आणि चार बदाम. झहूरने जोडी धरली होती, अगदी बरोबर. "इथे. रंग पकडायला हवा होता."

झहूरने खिशातून कार्ड काढलं. त्याच्यावर काळे डाग पडले होते. "पण ह्याच्यावर तर बादशहाची जोडी वर हाय."

"ते जुनं झालं. मी सुधारलंय नंतर."

आणि रविकांतने काय केलं? खिशातलं मार्कर काढलं, त्या माणसाच्या हातातल्या कार्डावर दोन ओळींना बाण मारला आणि खालची वर केली. झहूरने कपाळावर हात मारला. "तरीच म्हटलं! कार्ड कसं चुकेल!" तो किती हलका होऊन गेला. रविकांत लिफ्टमधून वर गेला आणि जेवणाचं ताट तसंच सारून उठला.

त्यानंतर झहूरची रेकॉर्डिंगं यायची ती बघवत नव्हती. बादशहाची जोडी आली की तोडायचा. राणीची आली की तोडायचा. इतक्या विश्वासाने, जरासुद्धा न थांबता. आधी सावकाश जात होते, आता भराभर जायला लागले. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगखाली एक ओळ: "आज चूक झाली का साहेब?" रविकांत अंगठा पाठवायचा. काय वाटत असेल त्याला तो अंगठा पाठवताना? लाज वाटायची, दुसरं काय! पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात फार अंतर असतं, आणि रविकांत जानेवारी संपेपर्यंत त्या अंतरातच बसून राहिला.

मग एका बुधवारी संदेश आला: "साहेब, उद्या मालकाला सांगायचं हाय, तिकीट का पैसे. या वेळी पैसे घेतो. आता हात बसलाय, सगळं भरून निघेल. पुढल्या वेळी घरी जाईन."

पुढल्या वेळी म्हणजे आणखी दोन वर्षांनी. रविकांतने फोन टेबलावर पालथा घातला. चारुशीला समोर पोळ्या लाटत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, साडेनव्व्याण्णवपासून ते मार्करच्या बाणापर्यंत. तिने लाटणं थांबवलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्या पोरीचं वय काय?" तिने विचारलं.

"साडेपाच."

"मग इथे काय बसलायत? उद्या अर्धी रजा टाका आणि जा."

गुरुवारी दुपारी तो राईला पोचला तेव्हा गॅरेजचा सुपरवायझर मुझफ्फर काचेच्या केबिनमध्ये एकेकाला आत बोलावून तिकीट की पैसे विचारत होता. झहूरचा नंबर यायचा होता. रविकांतने त्याला दंडाला धरून बाजूला, जुन्या टायरांच्या ढिगापाशी नेलं आणि एका दमात बोलून टाकलं.

"झहूर, तू चुकला नव्हतास. त्या दिवशी मी खोटं बोललो. चारशे बारा डावांत तुझी एकही चूक नव्हती. बादशहाची जोडी धरायची, तेच बरोबर. बाण मी उगाच मारला."

झहूरचा चेहरा हळूहळू उजळला. हो, उजळला! रविकांतने शिव्यांची तयारी ठेवली होती, गचांडीचीही ठेवली होती. या हसण्याची नव्हती.

"एकही नाय?"

"एकही नाही. पण ऐक, मुद्दा तो नाही..."

"चारशे बारा डाव, आणि एकही नाय!" झहूरने त्याचे दोन्ही हात धरले. "अहो साहेब, मी दोन महिने स्वतःला गाढव म्हणतोय. मग आता काय राहिलं! जुन्या कार्डानं खेळतो परत."

"अरे, बिनचूक खेळून पण जातातच! प्रत्येक डावाला थोडे थोडे गळतात. त्या साइटचा तक्ता तर अजून वाईट आहे. कार्डाने फक्त कमी जातात, येत नाहीत."

झहूरचं हसू जरा मावळलं. त्याने डोळे बारीक केले. "साहेब, राग मानू नका. त्या दिवशी पण तुम्ही असंच तोंडाकडे बघून सांगितलंत. मग तेव्हा खोटं बोललात, का आता बोलताय? मी तिकीट घ्यावं, पैसे घेऊ नये, म्हणून बोलताय ना? चांगलं मन हाय तुमचं. पण माझं मी बघतो."

रविकांतने गणित सांगितलं, टायरवर बोटाने आकडे काढून दाखवले. झहूर ऐकत होता, मोठ्या माणसाचा मान राखावा तसा. एकही शब्द आत जात नव्हता. आपलं बोलणं आता फुटक्या कवडीच्या मोलाचं नाही, हे रविकांतला कळत होतं, आणि ते मोल घालवलं कोणी तेही कळत होतं.

"थांबा, हफिजाला सांगतो," झहूर म्हणाला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. "तिला मी म्हटलं होतं, तेल कंपनीचे साहेब मला कॉम्प्युटरचं शिकवतायत, परीक्षा हाय, पास झालो तर मोठी नोकरी. रोज दुवा मागते तुमच्यासाठी." मग फोनकडे वळून, "हफिजा! साहेब म्हणतात माझी एकपण चूक नव्हती. हे बघ, साहेबच हायत इथं, बोल."

फोन रविकांतच्या हातात आला. डोक्यावर ओढणी घेतलेली एक बाई, आणि तिच्या खांद्याआडून डोकावणारं एक पोर, पुढचे दोन दात पडलेलं.

"साहेब, सलाम," हफिजा म्हणाली. "खूप उपकार झाले तुमचे. हे म्हणायचे, माझं डोकंच चालत नाय. मी म्हणायची, साहेब एवढा वेळ देतात तर जमेल. या वेळी घरी नाय येणार म्हणतात ते. नोकरीसाठी थांबतायत तर थांबू देत, काय करणार. मुनिरा, साहेबांना सलाम कर."

मुनिराने सलाम केला. रविकांतला वाटलं, फोन परत द्यावा, हसावं आणि गाडीत जाऊन बसावं. खरोखर तसं वाटलं. आजवर त्याने तेच तर केलं होतं.

"भाभी," तो म्हणाला, "परीक्षा नाहीये. पत्त्यांचा जुगार आहे, मशीनवरचा. मी शिकवला याला."

झहूरने फोनवर झडप घातली. रविकांत दोन पावलं मागे सरकला आणि बोलत राहिला. "यात कितीही नीट खेळलं तरी पैसे जातातच. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. उलट याच्या चुका आहेत असं खोटं सांगितलं. म्हणून हा खेळत राहिला."

पलीकडे हफिजाने मुलीला मागे सारलं. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "तुमचे किती गेले साहेब?"

"माझे नाही गेले."

"म्हणजे जिंकलात?"

"नाही. मी लावलेच नाहीत कधी."

"एकदा पण नाय?"

"एकदाही नाही."

"का?"

टायरांपाशी उभा असलेला झहूर आता फोन मागत नव्हता.

"जाणार हे माहीत होतं म्हणून," रविकांत म्हणाला.

ते ऐकून झहूरचा चेहरा पार बदलला. टायरवरच्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. त्याने पुढे येऊन फोन काढून घेतला, ओढला नाही, नुसता घेतला. पडद्याकडे न बघता म्हणाला, "हफिजा, नंतर बोलतो," आणि कॉल तोडला.

"तुम्ही खेळताय असं धरून चाललो होतो मी," तो म्हणाला. "म्हटलं, एवढा शिकलेला माणूस खेळतो, तर त्यात काही तरी असेलच."

"झहूर, मला फक्त बघायचं होतं..."

"काय?"

"कार्ड चालतं का ते."

केबिनच्या दारातून मुझफ्फरने हाक मारली. झहूरने हातातल्या फडक्याला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"चार वर्षं मी पोरीला बघितलं नाय साहेब," तो म्हणाला, "आणि तुम्ही कार्ड बघत होतात."

तो केबिनमध्ये गेला. काचेतून रविकांतला त्याची पाठ दिसत होती. मुझफ्फरने काही विचारलं, झहूरने काही सांगितलं, मुझफ्फरने कागदावर खूण केली. बाहेर आल्यावर झहूर रविकांतच्या जवळून सरळ पुढे गेला, एका उघड्या बॉनेटखाली वाकला आणि कामाला लागला.

रविकांतने मुझफ्फरला विचारलं, "काय सांगितलं त्याने?"

"तिकीट," मुझफ्फर म्हणाला. "फक्त जाण्याचं द्या म्हणाला, येण्याचं नको."